चाचणीच्या आधी तिच्या आईला मी काय सांगू?

दोन_फेऱ्या

मी धावण्याची प्रशिक्षक आहे. स्वतः 800 मीटर धावायचे. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या मुलींत एक 17 वर्षांची आहे, तिच्यासाठी हा धागा काढतेय. दुसऱ्या फेरीत, शेवटच्या दोनशेला बाकीच्यांचे खांदे कानापर्यंत चढलेले असतात, तिथे ही सैल होते आणि पाय लांब टाकायला लागते. हे शिकवून येत नाही. आज ना उद्या ती आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाणार, असं मला आता धरून चालावं लागतंय.

आणि तिथे जायचं तर 1 सप्टेंबर 2025 पासून वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेचा नवा नियम आहे. महिला गटात जागतिक क्रमवारीच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर एसआरवाय या जनुकाची चाचणी, आयुष्यात एकदाच. गालाच्या आतून बोळा फिरवून किंवा रक्त घेऊन. त्याच महिन्यात टोकियोला झालेल्या जागतिक स्पर्धेपासून हे सुरू झालं.

तिच्याबद्दल मला शंका आहे म्हणून लिहीत नाहीये. चाचणी सगळ्यांचीच आहे. पण दहा दिवसांपूर्वी तिच्या आईने विचारलं, "मॅडम, ही कसली चाचणी? डोपिंगची का?" आणि मी म्हटलं, "हो, तशीच काहीतरी." साफ खोटं बोलले. त्या गेल्यावर स्टॉपवॉच हातात धरून मी तशीच उभी राहिले. पुढच्या मुलीची वेळ घ्यायचीच राहिली.

का बोलले खोटं, ते सांगते. मी धावत होते तेव्हा एक मुलगी होती. माझ्याहून वयाने लहान. आवाज घोगरा, छाती सपाट, मांड्या दोरखंडासारख्या. मला तिने दोनदा हरवलं, दुसऱ्या वेळी तर मला ती वळणावरच दिसेनाशी झाली. आम्ही चौघीजणी कपडे बदलायच्या खोलीत असायचो आणि ती आत आली की गप्प व्हायचो. एकीने पंचांकडे जाऊन सांगितलं, "हिला तपासा." मी गेले नव्हते. पण जाण्याआधी तिने आम्हाला विचारलं होतं आणि मी म्हणाले होते, "मलाही तसंच वाटतं." दुसऱ्या दिवशी 1500 च्या फायनलला ती आलीच नाही. त्यानंतर कुठल्याच ट्रॅकवर मी तिला पाहिलं नाही. तिच्या शरीरात नेमकं काय होतं, मला आजही माहीत नाही. काहीच वेगळं नसेलही.

नंतर 2006 मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत शांती सौंदराजनने आमच्याच अंतरात रौप्य मिळवलं, 2 मिनिटं 3.16 सेकंद. चाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं आणि पुढच्या वर्षी तिने जीव द्यायचा प्रयत्न केल्याची बातमी आली. ती वाचताना माझ्या डोळ्यांसमोर शांती नव्हती, ती दुसरी मुलगी होती.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. हा नियम मुळात न्याय्य आहे का? आणि तो असो वा नसो, चाचणी होणारच आहे, तर त्या माऊलीला मी काय सांगू आणि कोणत्या शब्दांत?

अंतःस्रावी

ताई, मी मुलांच्या हॉर्मोनविकारांची डॉक्टर आहे. न्यायाचं नंतर. आधी ही चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही ते बघू, कारण आईला सांगायची निम्मी गोष्ट त्यातच आहे.

एसआरवाय हे वाय गुणसूत्रावरचं जनुक. 1990 मध्ये सापडलं. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत ते 'वृषण बनवा' असा निरोप देतं. चाचणीतून एवढंच कळतं की निरोप देणारा हजर आहे की नाही. पुढे वृषण नीट बनले का, टेस्टोस्टेरॉन तयार झालं का आणि शरीराने ते ऐकलं का, यातलं काहीही त्या बोळ्यावर येत नाही. जनुक शोधणाऱ्या गटातले अँड्र्यू सिंक्लेअर यांनी स्वतःच या कारणासाठी चाचणीला जाहीर विरोध केला आहे.

काही मुलींमध्ये गुणसूत्रं एक्सवाय असतात, पोटात वृषण असतात, टेस्टोस्टेरॉन पुरुषाइतकं असतं, पण पेशी त्याच्या बाबतीत ठार बहिऱ्या असतात. याला संपूर्ण ॲन्ड्रोजेन असंवेदनशीलता म्हणतात. त्या हॉर्मोनचा यांना धावताना शून्य उपयोग. सध्याचा नियमही त्यांना महिला गटात खेळू देतो, मात्र पुढच्या तपासण्या करून ते सिद्ध करावं लागतं. दुसरी स्थिती 5-अल्फा रिडक्टेज या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेची. बाहेरची जननेंद्रियं घडवायला टेस्टोस्टेरॉनचं आधी दुसऱ्या हॉर्मोनमध्ये रूपांतर व्हावं लागतं आणि ते करणारा विकरच इथे नसतो. म्हणून जन्मतः बाळ मुलीसारखं दिसू शकतं, मुलगी म्हणूनच वाढतं. वयात येताना मात्र टेस्टोस्टेरॉन आपलं काम करतं: आवाज बदलतो, स्नायू भरतात. खेळातला वाद मुख्यतः अशा स्थितींचा आहे. दोघींच्या बोळ्यावर उत्तर एकच येणार. उलट, ज्यांची गुणसूत्रं एक्सएक्स आहेत पण मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमुळे टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आहे अशा मुलींना हा नियम शिवतही नाही.

असा प्रयोग आधीही होऊन गेलाय. 1968 पासून ऑलिंपिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी असायची. 1996 ला अटलांटामध्ये 3387 जणींपैकी 8 जणींची चाचणी 'वेगळी' आली, आणि आठही जणींना खेळू दिलं गेलं. मग एवढ्या सगळ्यांना तपासून साधलं काय, असा प्रश्न उभा राहिला आणि 1999 मध्ये सरसकट चाचणी बंद झाली. आता ती परत आली आहे.

एक गोष्ट प्रशिक्षकांना मुद्दाम सांगते. 16 वर्षं होऊनही पाळी आलेली नसेल तर "खेळते ना, म्हणून उशीर" असं म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याचदा खरंच खेळामुळे असतं. पण या स्थितींचंही पहिलं लक्षण तेच असतं. डॉक्टरकडे जायचं ते तिच्या तब्येतीसाठी. तिथे दारं बंद असतात, कागद तिचा असतो. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट एखाद्या मुलीला संघटनेच्या ईमेलमधून पहिल्यांदा कळावी, याहून वाईट काही मला सुचत नाही.

आणि हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. 2013 मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध छापला. विकसनशील देशांतल्या ग्रामीण, डोंगराळ भागांतून आलेल्या 18 ते 21 वयाच्या चार खेळाडूंचा. त्यांचे वृषण काढले आणि सोबत शिश्निकाही (क्लिटोरिस) छाटली. शिश्निकेचा धावण्याशी काय संबंध? मी तो निबंध दोनदा वाचला. आपल्याच व्यवसायातल्या लोकांनी हे केलं, शांतपणे तक्त्यात मांडलं, आणि छापलं.

चौथी_लेन

मी वेगळं बोलणार आहे. मीही धावते, वयाने या धाग्यावरच्या सगळ्यांहून लहान असेन.

महिला गट का आहे? वयात येताना टेस्टोस्टेरॉन शरीराचं जे करतं त्यामुळे पुरुष आमच्यापेक्षा धावण्यात साधारण 10 ते 12 टक्के पुढे असतात. तो गट नसता तर फायनलच्या रेषेवर एकही मुलगी दिसली नसती. लोक म्हणतात, उंची हाही निसर्गदत्त फायदाच. फिनलंडच्या एरो मँटिरांटाच्या रक्तात जनुकीय बदलामुळे तांबड्या पेशी जास्त बनायच्या, त्याने स्कीइंगमध्ये सात ऑलिंपिक पदकं मिळवली, त्याला कुणी अडवलं नाही. बरोबर. पण उंचीचे गट नाहीत, तांबड्या पेशींचे गट नाहीत. स्त्रियांचा गट आहे, आणि ज्या एका कारणासाठी तो आखलाय नेमकं तेच कारण कुणाच्या शरीरात असेल, तर ते उंचीसारखं कसं?

2016 ची रिओची 800 ची फायनल मी कितीदा पाहिलीय. पहिल्या तिघी म्हणजे दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या, बुरुंडीची नियोन्साबा, केनियाची वाम्बुई. पुढे टेस्टोस्टेरॉनच्या मर्यादेचे नियम आले तेव्हा तिघींनाही ते लागू झाले. चौथी आली कॅनडाची मेलिसा बिशप, 1:57.02, तिच्या देशाचा विक्रम. धावून झाल्यावर ती रडत होती. तिचं काय चुकलं होतं? शांतीसाठी आपल्या डोळ्यांत पाणी येतं तसं तिच्यासाठी का येऊ नये?

दोन_फेऱ्या, तुम्ही त्या खोलीत जे केलंत ते वाईटच होतं. पण मला वाटतं, स्पष्ट नियम नसला की मग अशा कुजबुजी सुरू होतात. सगळ्यांना एकच चाचणी असली तर निदान कुणा एकीकडे बोट दाखवायची गरज उरत नाही.

दोन_फेऱ्या

चौथी_लेन, तुझा शेवटचा मुद्दा मी दिवसभर डोक्यात घेऊन फिरले. खरं आहे ते. नियमात 'संशय' हा शब्द असला की संशय चेहऱ्यावरून, आवाजावरूनच घेतला जातो. 2009 ला बर्लिनमध्ये सेमेन्या 1:55.45 मध्ये जिंकली तेव्हा ती 18 वर्षांची होती, आणि तिच्या तपासणीची बातमी फायनलच्या आधीच बाहेर आली होती. सगळ्यांची चाचणी असती तर तेवढं तरी टळलं असतं. आणि बिशपबद्दल वाईट वाटणं चूक आहे असं मी कधीच म्हणणार नाही. चौथी येणं काय असतं ते मला माहीत आहे.

पण टक्क्यांचं तू म्हणतेस तिथे मी अडते. पुरुष 10-12 टक्के पुढे, हे सगळे मानतात. या स्त्रिया तेवढ्या पुढे आहेत का? द्युती चंदने हाच प्रश्न लावून धरला. टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून 2014 ला तिला राष्ट्रकुल स्पर्धेतून वगळलं, ती क्रीडा लवादाकडे गेली, आणि जुलै 2015 मध्ये लवादाने नियम स्थगित करून संघटनेला सांगितलं, फायदा किती ते पुरावे आणून दाखवा. पुरावा म्हणून 2017 मध्ये संघटनेशी संबंधित संशोधकांचा अभ्यास आला. टेस्टोस्टेरॉन जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या खेळाडूंत पाच प्रकारांत फरक दिसला, साधारण 1.8 ते 4.5 टक्के. सर्वांत जास्त हातोडाफेकीत, मग पोल व्हॉल्टमध्ये. आणि 2018 चा नियम आला तो 400 मीटर ते एक मैल या शर्यतींसाठी! हातोडा आणि पोल व्हॉल्ट बाहेर, आणि फरक दिसलाच नव्हता ती 1500 आत. स्वतंत्र संशोधकांनी त्या आकडेवारीतल्या चुकाही दाखवून दिल्या. 2021 मध्ये त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापून आली, की या अभ्यासातून कारण-परिणाम सिद्ध होत नाही. तोवर सेमेन्याची 800 संपली होती. लवादाने 2019 मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी निकाल दिला होता: नियम भेदभाव करणारा आहे, पण आवश्यक आहे.

आकडेही बघ कसे सरकलेत. 2011 ला रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनची मर्यादा लिटरला 10 नॅनोमोल, 2018 ला 5, 2023 ला 2.5 आणि तीही 24 महिने सलग, सगळ्या प्रकारांसाठी. दर वेळी त्याच मुलींना सांगायचं, अजून औषध घे, अजून खाली आण. सेमेन्याने त्या गोळ्या घेऊन बघितल्या होत्या. ताप यायचा, पोट सतत दुखायचं, असं ती सांगते. निरोगी मुलीला शर्यतीसाठी आजारी पाडणारी प्रशिक्षक मी होऊ शकणार नाही. मी डोपिंगच्या विरोधात मुलींपुढे भाषणं देते, आणि त्या नियमांत औषध न घेतल्याबद्दल बंदी होती.

म्हणून माझं मन गट असावा इथे ठाम आहे, आणि त्याचं दार असं राखलं जाऊ नये इथेही ठाम आहे. हे दोन्ही एकत्र कसं बसवायचं ते मला अजून साधलेलं नाही.

मोकळी

दोन दिवस हा धागा वाचतेय, लिहू की नको करत. मी खेळाडू नाही. डॉक्टरांनी वर लिहिलेली पहिली स्थिती, बहिऱ्या पेशींची, ती माझी. वय 41.

मी 14 वर्षांची असताना माझं ऑपरेशन झालं. सांगितलं, "पोटात गाठी होत्या, काढल्या, नाहीतर कॅन्सर झाला असता." पाळी येणार नाही हेही त्याच गाठींच्या खात्यात टाकलं. 19 व्या वर्षी कुठल्याशा अर्जाला जन्मदाखला हवा म्हणून मी कपाट उघडलं आणि हाताला फाइल लागली. त्यात लिहिलं होतं '46, एक्सवाय', आणि खाली, काढलेल्या गोष्टीचं खरं नाव. जीवशास्त्राचं पुस्तक काढून मी तो शब्द पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "डॉक्टरच म्हणाले होते, सांगू नका, पोर कोलमडेल." मी शरीरामुळे कोलमडले नाही. पाच वर्षं घरातल्या मोठ्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं, त्याने कोलमडले. मग आठवत बसले, कोण कोण माझ्याकडे कसं बघायचं.

दोन_फेऱ्या, तुम्ही त्या आईला "तशीच काहीतरी" म्हणालात ना, ते वाचून मला तो दरवाजा आठवला. वाईट हेतूने नाही म्हणालात, कळतं. माझ्या आईचाही वाईट हेतू नव्हता.

मारिया होजे मार्टिनेझ-पातिन्योचं नाव ठाऊक असेल तुम्हाला. स्पेनची अडथळ्यांची धावपटू, स्थिती माझीच. 1985 ला कोबेमध्ये विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेला गेली आणि आधीच्या चाचणीचं प्रमाणपत्र घरी विसरली. म्हणून पुन्हा चाचणी, आणि या वेळी निकाल उलटा. तिला सांगितलं, पाय दुखावल्याचं नाटक कर आणि बस. बसली बिचारी, प्रेक्षकांत. काही महिन्यांनी देशातल्या स्पर्धेच्या वेळी पुन्हा तेच सांगितलं, दुखापत दाखव आणि कायमची बाजूला हो. या वेळी ती धावली, आणि जिंकली. मग तिचा अहवाल वर्तमानपत्रांत आला. शिष्यवृत्ती गेली, राहायची जागा गेली, लग्न ठरलेला मुलगा सोडून गेला, विक्रम पुसले. ती लढली आणि 1988 मध्ये तिला परत घेतलं, पण धावपटूची तीन वर्षं म्हणजे किती, ते तुम्ही मला सांगाल. तिच्या पेशी टेस्टोस्टेरॉन ऐकतच नव्हत्या. म्हणजे मैदानावरच्या इतर मुलींपेक्षा त्या हॉर्मोनचा लाभ तिला कमीच होता. तरी हे सगळं झालं.

चौथी_लेन, तुझ्यावर राग नाही. फक्त एवढं सांगते, 'सगळ्यांची चाचणी' झाली तरी बोट दाखवणं थांबत नाही. निकालानंतर एखादी मुलगी अचानक संघात दिसेनाशी झाली की सगळ्यांना कळतंच. दोन_फेऱ्या, तुमच्या त्या 1500 च्या फायनलसारखं.

आता आईला काय सांगायचं. मला कुणी सांगायला हवं होतं ते लिहिते. चाचणी कशाची आहे, ते नाव घेऊन सांगा. निकाल काहीही आला तरी तुमची लेक काल होती तीच आज आहे, मुलगीच आहे, हे निकालाच्या आधी सांगा. नंतर सांगितलं तर ते सांत्वन वाटतं. आणि मुलीसमोर सांगा, आईला एकटीला बाजूला घेऊन नाही. कागद कुणाच्या हातात पडणार, कोण वाचणार, हे आधी लेखी विचारून घ्या. चाचणी नको म्हणायचाही तिला हक्क आहे, कारण न देता, आणि नको म्हटलं याचा अर्थ कुणी काही लावणार नाही याची जबाबदारी तुमची. आणि कुणीही, कितीही मोठा माणूस असो, खेळण्यासाठी ऑपरेशन सुचवलं तर त्या खोलीतून मुलीचा हात धरून बाहेर पडा.

चौथी_लेन

मोकळी, तुमचं वाचलं. माझं मत बदललंय असं खोटं सांगणार नाही. पण "कुणालाही बोट दाखवायची गरज उरत नाही" हे मी फार सहज लिहून गेले. ते मागे घेते. निकाल गुप्त कसा राहणार याचं उत्तर नियम करणाऱ्यांनी आधी द्यायला हवं होतं.

दोन_फेऱ्या

काल संध्याकाळी सराव संपल्यावर दोघींना थांबवून घेतलं. सगळ्यात आधी आईला म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. मग चाचणीचं नाव, ती काय दाखवते, काय दाखवत नाही. मोकळीने लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणाले, मुलीकडे बघत. आवाज थोडा हलला माझा.

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी जन्म दिलाय हिला. हिला मुलगी ठरवायला कागद कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी बनवलंही नाही. मुलीने मात्र एकदम व्यवहाराचं विचारलं, निकाल आधी कुणाला कळणार? मी म्हटलं, तेच लेखी विचारणार आहे. ती म्हणाली, "आधी मी आणि आई. तुम्हाला मी सांगेन, सांगावंसं वाटलं तर." बरोबर बोलली. मला क्षणभर लागलं, पण बरोबर बोलली.

त्यांना त्या दुसऱ्या मुलीचंही सांगितलं, कपडे बदलायच्या खोलीतलं सगळं, मी काय म्हणाले होते त्यासकट. मुलीने विचारलं, "मग तुम्ही तिला शोधलं का नाही?" मी शोधायला हवं होतं. तेव्हाच्या एका मैत्रिणीला रात्री फोन केला, तिला नाव आठवतंय, आडनाव नाही. ती जुन्या निकालपत्रिका काढून बघते म्हणालीय.

चाचणी द्यायची की नाही हे दोघींनी अजून ठरवलेलं नाही, आणि मी घाई करणार नाही. ठरवण्याआधी कुणा जाणकाराशी बोलायचंय असं त्या म्हणतात. अंतःस्रावी, तुमच्या ओळखीत अशा कुटुंबांशी बोलणारं कुणी समुपदेशक असेल तर व्यक्तिगत निरोपात नाव पाठवाल का?